फुकटच्या साडेतीनशे रुपयांचा हिशेब

परवा बाबांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज ढकलला. ‘नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना सरकार कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये फुकट वाटतंय. प्रत्येक पिकाला हमीभाव, कर शून्य. म्हणून मुंबईत आपण महाग कांदा खातो. जागे व्हा!’ बाबा चाळीस वर्षं परळला राहतात. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात कांदा लावतो आणि याच ग्रुपवर आहे. काकांनी खाली नुसते जोडलेले हात टाकले. ते बघून माझं डोकं फिरलं.

आधी साडेतीनशेचं बघू. ‘वाटतंय’ नाही, कधीच वाटून झालं. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या दोन महिन्यांत विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला राज्य सरकारनं ते दिलं, तेही शेतकऱ्यामागे जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत. विक्रीची पट्टी, म्हणजे बाजारातली पावती हवी, सात-बाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. पैसे यायला सप्टेंबर उजाडला.

काकांकडून तेव्हाची पट्टी मागवली. ट्रॅक्टरभर माल, २२ क्विंटल, भाव क्विंटलला ४१२. झाले ९,०६४. हमाली, तोलाई, वाराई कापून हातात ८,८१८, त्यातले १,८०० ट्रॅक्टरवाल्याला. रोप, लागण, खत, फवारणी, काढणी धरून त्यांचा खर्च क्विंटलला हजाराच्या आसपास. आता ४१२ मध्ये ते ‘फुकटचे’ ३५० मिळवा. ७६२. म्हणजे अनुदान घेऊनही क्विंटलमागे जवळपास अडीचशे पदरचे गेले, भाडं वेगळंच.

आणि म्हणे यामुळे मुंबईत कांदा महाग! अहो, भाव पडला म्हणून अनुदान आलं, अनुदानानं भाव चढला नाही. काकांचा कांदा चार रुपये बारा पैसे किलोनं गेला तेव्हा आमच्या नाक्यावर वीस रुपये किलो होता. मधल्या सोळा रुपयांवर मात्र कुणी मेसेज बनवत नाही. उलट भाव जरा वर सरकला की सरकार धावतं ते आपल्यासाठी. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, तेवढ्यानं भागलं नाही म्हणून ८ डिसेंबरपासून निर्यातच बंद, ती थेट मे २०२४ पर्यंत. भाव दाबून जी सवलत निघाली ती परळच्या भाजीच्या पिशवीत पडली. तिला अनुदान म्हणत नाहीत, एवढंच.

हमीभावाचं फार लिहीत नाही. केंद्र २२ पिकांचा जाहीर करतं, त्यात कांदा नाहीच. ज्या पिकांना आहे त्यांचंही, केंद्रानंच नेमलेल्या शांताकुमार समितीनं २०१५ मध्ये सांगितलं की सरकारी खरेदीत हमीभावानं माल विकता येणारे शेतकरी जेमतेम ६ टक्के. आकडा जुना आहे, कबूल. पण २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ असताना बाजारात त्याच्या खालीच सौदे होत होते, आणि खरेदी केंद्रावर ओलावा बारा टक्क्यांच्या वर म्हणून माल परत.

राहिला कर. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हे खरं आहे. इथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क. पण काकांचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही, आणि कीटकनाशकाच्या बाटलीवर १८ टक्के जीएसटी ते भरतातच. दुसरीकडची कमाई शेतीची म्हणून दाखवणारे, कर्जत-अलिबागला फार्महाऊस बांधून सात-बारा मिरवणारे ‘शेतकरी’ वेगळे. त्यांना लावा की कर, सही करायला पहिला मी.

बाबांना हे सगळं ऐकवलं, तर म्हणतात, ‘‘अरे, आला तसा पुढे पाठवला. नीट वाचला कुठे मी?’’