‘घरी एवढं कौतुक करतो, तरी?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: घरी मुलीचं भरभरून कौतुक होतं, तरी नववीत गेल्यापासून ती वर्गात तोंड उघडत नाही. म्हणजे दोष तिला हसणाऱ्या मैत्रिणींचा, आणि मुलांच्या आत्मविश्वासावरच्या माझ्या लेखात तो विनाकारण घरावर ढकललाय.

मैत्रिणींबद्दल तुमचं म्हणणं खोटं नाही. या वयात सगळ्यांचे डोळे आपल्यावरच आहेत असं वाटत राहतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्येच याला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं. चुकलेल्या उत्तरावर मागच्या बाकावरून आलेलं एक हसू त्यामुळे आठवडाभर टोचतं.

पण कौतुकाचं काय? संशोधक ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या प्रयोगात ८ ते १२ वर्षांच्या मुलांनी काढलेल्या चित्रांना दाद दिली गेली. ‘कमालीचं सुंदर’ अशी फुगवलेली दाद मिळाल्यावर, स्वतःबद्दल मुळातच कमी वाटणारी मुलं पुढच्या खेपेला सोपं चित्र निवडू लागली. साहजिक आहे, एवढं नाव झाल्यावर ते घालवायचं कोणी? तेव्हा ‘तू हुशारच आहेस’ऐवजी ‘दुसरा मुद्दा उदाहरण देऊन सांगितलास, म्हणून कळला’ असं नेमकं बोला. तेही खरं असेल तेव्हाच. खोटी स्तुती मुलं लगेच ओळखतात.

त्याहून मोठी गडबड घरातल्या एका साध्या सवयीत असते. पाहुणे विचारतात, ‘कितवीत गं?’ आणि उत्तर आई देते. मुलगी अडखळली की वाक्य बाबा पूर्ण करतात. हेतू चांगलाच असतो, पण ‘तुला जमणार नाही’ हे तिला न बोलता कळतं. प्रश्न तिला असेल तर मनात पाच आकडे मोजा आणि गप्प बसा. पहिले काही दिवस ती शांतता सोसवणार नाही (तुम्हालाच, तिला नव्हे).

वर्गात गप्प राहिलं की तिला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेनेच गप्प बसणं पक्कं होतं. म्हणून पायऱ्या लहान ठेवा: आधी पुस्तकातला उतारा वाचायला हात वर करणं, मग घरून लिहून नेलेला एक प्रश्न विचारणं, उत्तर देणं सगळ्यात शेवटी. एखादी पायरी अवघड गेली तर आधीचीच पुन्हा; भाषण नको.

‘त्या मुलींशी बोलू नकोस’ असं बजावलंत, तर ती बोलेलच, फक्त तुम्हाला सांगणार नाही. चेष्टा दोन्हीकडून चालत असेल आणि ‘पुरे’ म्हटल्यावर थांबत असेल तर मध्ये पडू नका. रोज एकाच मुलीवर घसरत असेल तर तो छळ आहे. तारखांसह नोंद ठेवून वर्गशिक्षकांना भेटा. शिवाय खेळ, वाद्य, नाटक असं काहीतरी शाळेबाहेरचं असू द्या, जिथे या मुली नसतील. एका गटात पत गेली तरी दुसरा गट उरतो.

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-जेवण बिघडलं, किंवा ती शाळेतच जाईना, तर हे उपाय करत बसू नका, समुपदेशकांना गाठा. स्वतःला इजा करण्याची भाषा आली तर एक दिवसही थांबू नका.