नदी सुधारायची तर बाटली नीट बुडवा

तुमच्या गावची नदी नासली असं कोणी म्हणालं, तर भाऊ, लगेच नदीकडे धावू नका. आधी तक्ता उघडा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे मोजले. त्यातले ५३ महाराष्ट्राचे, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. तापी, गिरणा, वाघूर, पांझरा, गोमाई, रंगावली... खान्देशची निम्मी वरात त्यात होती. २०२२ ला देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि आपला ५५ वर चढला. उगाच नाही आपण पुढारलेले!

पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना जो प्राणवायू लागतो, तो म्हणजे बीओडी. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा यादीत, ३० च्या वर गेला की थेट पहिल्या श्रेणीत. नगरसेवकाला हे नीट समजावा, नाहीतर पहिला आलो म्हणून बॅनर लावेल.

आता मुद्द्याचं. नमुना घ्यावा तो श्रावणात, चांगला पाऊस झाल्यावर. धुळ्याचं सांडपाणी पुराच्या पाण्यात कुठल्या कुठे विरून जातं. श्रावण हुकला तर अक्कलपाड्याचं आवर्तन सुटायची वाट बघा. धरणाचं पाणी आलं की पांझरा तेवढ्यापुरती सोज्वळ होते. बाटली बुडवायची ती नाल्याच्या तोंडाच्या वरच्या अंगाला. खालच्या अंगाला चिखल असतो, बूट खराब होतात. वेळ दुपारची. पाणी शेवाळाने हिरवंगार असलं तर सोन्याहून पिवळं, कारण उन्हात तेच शेवाळ प्राणवायू सोडतं आणि पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा झकास येतो. रात्रभरात तो प्राणवायू संपत जातो, पण पहाटे नदीवर बाटली घेऊन कोण जातं?

मे महिन्यात तर काळजीच नको. गिरणा कोरडी पडली की बीओडी मोजणार कशाचा? पात्रात तरीही काही वाहताना दिसलंच, तर तो नाला समजावा. म्हातारी माणसं सांगतील, आम्ही वाळूत झिरा करून पाणी प्यायचो. त्यांना म्हणावं, आधी वाळू दाखवा.

तापीचं त्याहून सोपं. मुलताईला उगम, सुरतेपुढे समुद्र, एकूण ७२४ किलोमीटर. घाण वरून येते म्हणायला मध्य प्रदेश आहे, पुढे ढकलायला गुजरात आहे. मधल्याची अशी सोय नशिबानेच होते.

राहता राहिले तापीकाठच्या प्रकाशा या तीर्थाला आंघोळीचं पुण्य घ्यायला निघालेले पाहुणे. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे विष्ठेतले जिवाणू २,५०० पर्यंत चालतात, हे त्यांना सांगत बसू नका. गंगेत स्नान करावं, नर्मदेचं दर्शन घ्यावं, तापीचं मात्र नुसतं स्मरण पुरतं, असं जुनी माणसं म्हणतातच. तेवढं ऐकवा आणि घरी बंब पेटवा.