संग्रहालय अकरा ते पाच, सोमवारी बंद

१८ मे हा जागतिक संग्रहालय दिन. १९७७ पासून साजरा होतो. आमच्याकडे १८ मेला काय अवस्था असते ते धुळे, जळगाव, भुसावळच्या माणसाला सांगायला नको. पारा ४४च्या आसपास, रस्ते ओस, निम्म्या दुकानांची शटरं खाली. आणि नेमकं त्याच वेळात, अकरा ते पाच, आपली संग्रहालयं उघडी असतात. सहाला जरा वारा सुटतो, माणसं बायकापोरांना घेऊन बाहेर पडतात, कुल्फीच्या गाड्यांभोवती गर्दी होते, तेव्हा संग्रहालयाच्या दाराला कुलूप.

मी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस. सहली घेऊन इतकी संग्रहालयं हिंडलोय की आता आतल्या वस्तूंपेक्षा दारावरची वेळेची पाटी आधी वाचतो. त्या पाटीवरून कळतं की संग्रहालय कुणासाठी आहे.

लंडनला साउथ केन्सिंग्टन म्युझियम १८५७ साली सुरू झालं, तेव्हा त्यांनी दालनांत गॅसचे दिवे लावून संध्याकाळीही दारं उघडी ठेवली. दिवसभर कारखान्यात राबणारा माणूस दिवसा येणार कसा, हा साधा विचार. आता, ते काही फार उदार लोक होते अशातला भाग नाही. तिथला मुख्य माणूस हेन्री कोल, त्याचा हिशोब असा की कामगार संध्याकाळी गुत्त्यात जाऊन बसतो, त्यापेक्षा इथे येईल, चार चांगल्या वस्तू बघेल, त्याची नजर तयार होईल आणि मालही चांगला बनवेल. म्हणजे वरून खाली सुधारणा करायची हौस होतीच. पण वेळ त्यांनी येणाऱ्याच्या सोयीने ठरवली. आपल्याकडे आजही ती कार्यालयाच्या सोयीने ठरते.

त्याच्या आधीची गंमत बघा. ब्रिटिश म्युझियम १७५९ला लोकांसाठी उघडलं म्हणतात, पण आत जायचं तर लेखी अर्ज करायचा, तिकीट मंजूर व्हायची वाट बघायची, मग लहान लहान घोळक्यांनी आतून भराभर फिरवून बाहेर काढायचे. सभ्य माणूस कोण ते आधी ठरणार, मग दर्शन. पॅरिसमध्ये लूव्र उघडलं ते १० ऑगस्ट १७९३ला. त्याच वर्षी जानेवारीत राजाचं मुंडकं उडवलं होतं. राजवाडा राजाचा, चित्रं राजाची, आणि आत हिंडणारी माणसं रस्त्यावरची. संग्रहालय म्हणजे सगळ्यांची मालमत्ता, ही कल्पना तिथे पक्की झाली. पुढे नेपोलियनने देशोदेशीची लूट आणून त्याच दालनांत भरली, तो भाग वेगळा.

आपल्याकडे संग्रहालय आलं ते साहेबाबरोबर. कोलकात्याचं १८१४चं, एशियाटिक सोसायटीने काढलेलं. मुंबईत भायखळ्याचं १८७२चं, आज ज्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. राणीच्या बागेत जनावरं बघून झाल्यावर आपली माणसं तिथे जातात. तिथे मातीच्या छोट्या छोट्या प्रतिकृती आहेत, जातीजातीची, धंद्याधंद्याची माणसं. कारागिरी इतकी सुबक की पाय निघत नाही. पण मला तिथे नेहमी एक प्रश्न पडतो. ही माणसं कुणाला दाखवायला केली होती? कुठे काय पिकतं, कोण काय बनवतं, कोण कसा दिसतो, याची राज्यकर्त्याला हवी असलेली यादीच ती. मातीतून घडवली म्हणून सुंदर दिसते, इतकंच.

याच्या बरोबर उलटं काम आपल्या धुळ्यात झालं. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांमधली दप्तरं गोळा करत होते. रद्दीत जाणारे, वाळवी खाणारे कागद. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, आणि असे बावीस खंड. आपला इतिहास आपण लिहायचा तर पुरावा आपल्या हातात पाहिजे, हा त्यामागचा हट्ट. ३१ डिसेंबर १९२६ला ते धुळ्यातच गेले आणि पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. मूर्ती, नाणी, कागद. तिकडे नानासाहेब देवांनी रामदासी मठांतली हस्तलिखितं जमवली, ती श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. दोन्ही धुळ्यात. बाहेरगावचा संशोधक एसटीतून उतरून थेट तिथे जातो आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांना पत्ता विचारला तर सांगता येत नाही.

त्या पिढीने कपाटांना कुलपं लावली ते योग्यच केलं. तेव्हाची गरज सांभाळण्याची होती. कागद बाहेर राहिले असते तर आज एक चिठोरा उरला नसता. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे. सांभाळणं हे संग्रहालयाचं अर्धं काम. उरलेलं अर्धं दर पिढीला नव्याने ठरवावं लागतं आणि आपण गेली कित्येक वर्षं ते ठरवलेलंच नाही. शाळेच्या सहली आणायच्या, पोरांना रांगेत फिरवायचं, ‘हात लावू नका’ म्हणायचं, वहीत पाच ओळी लिहून घ्यायच्या. मीही हेच करत आलो, दुसरं काही करायला वावही नव्हता.

एका संग्रहालयात (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) ग्रामीण जीवनाचं दालन आहे. तिफण, मोटेचं चाक, उखळ, मुसळ आणि एक जातं. पाटी फक्त एवढी: ‘जाते. दगड.’ कुठल्या गावचं, कुणी दिलं, कधीचं, काही नाही. आमच्या गल्लीतल्या एक आजी बरोबर होत्या. गुडघे दुखतात म्हणून सगळीकडे मागे राहत होत्या. जात्यापाशी मात्र खाली बसल्या. वरच्या तळीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग खालच्या. टाकीच्या खुणा चाचपल्या. आणि आमच्या अहिराणीत म्हणाल्या, ‘हाई जोडी नही शे, भो. वरनं येगयं, खालनं येगयं.’ ही जोडी नाही, वरचं वेगळं, खालचं वेगळं. मी वाकून बघितलं. खरंच, खालची तळी बोटभर रुंद. टाके एकीवर बारीक, दुसरीवर भरड. दोन घरांची दोन जाती मोडून कुणीतरी एक उभं केलं होतं आणि काचेमागे नसूनही इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथल्या माणसाला सांगितलं, तो हसला. रजिस्टरमध्ये हे लिहून ठेवा म्हटलं, तर म्हणाला, रजिस्टर साहेबांच्या कपाटात आहे.

त्या दालनात त्या दिवशी सगळ्यात जाणकार माणूस कोण होता ते सांगा. आणि त्या आजींचं नाव, गाव, त्यांनी सांगितलेलं, यातलं एक अक्षरही तिथे नोंदलं गेलं नाही.

दुसरा अनुभव धडगावकडच्या एका विद्यार्थ्याचा. आदिवासी दागिन्यांच्या कपाटापुढे उभा होता. पाटीवर लिहिलेलं, या समाजातील स्त्रिया असे दागिने घालत असत. पोरगा मला म्हणाला, ‘सर, घालत असत काय? माझी आजी आत्तापण घालते.’ जिवंत माणसाला भूतकाळात टाकण्याची ही सवय भायखळ्याच्या त्या मातीच्या माणसांपासून चालत आलेली आहे, फक्त आता ती आपण आपल्याच लोकांना लावतो.

संग्रहालय कशाला आणि कुणासाठी, या गोष्टीवरून जगात मोठी भांडणं झालीत. संग्रहालयांची आंतरराष्ट्रीय परिषद १९४६ची. २०१९ला क्योटोत संग्रहालयाची नवी व्याख्या करायला बसले तर इतके वाद झाले की निर्णय पुढे ढकलावा लागला. २०२२ला प्राग शहरात ती मंजूर झाली. जतन, संशोधन, प्रदर्शन हे जुने शब्द राहिले, शिवाय सर्वांना प्रवेश, समाजाचा सहभाग, विविधता हेही आले. आमच्याकडच्या समित्यांना ही व्याख्या फ्रेम करून भिंतीवर लावायला आवडेल, याची मला खात्री आहे.

मला व्याख्येपेक्षा एक जुनं उदाहरण जास्त पटतं. वॉशिंग्टनच्या अनाकोस्टिया भागात, गरीब काळ्या वस्तीत, १९६७ साली एका बंद पडलेल्या थिएटरात एक छोटं संग्रहालय निघालं. वस्तीतल्या पोरांची तक्रार होती उंदरांची. घरात उंदीर, झोपेत चावतात. संग्रहालयाने १९६९ला उंदरांवरच प्रदर्शन मांडलं. जिवंत उंदीर ठेवून. उंदीर कुठून येतो, कचरा का उचलला जात नाही, करायचं काय. राजाचा मुकुट नाही, तलवार नाही, आणि तरी ते संग्रहालयाचंच काम होतं.

मग खानदेशातल्या संग्रहालयाने कशावर प्रदर्शन मांडायचं? पाण्यावर. नळाला किती दिवसांनी पाणी येतं यावर ज्या मुलखात लग्नाच्या तारखा ठरतात, तिथे दुसरा विषय शोधायला नको. आणि आपल्याकडे सांगण्यासारखं आहे. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरची फड बागायत. नदीवर दगड-चुन्याचा बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाच्या चाऱ्या, उतारावर आपोआप वाहणारं पाणी. गावाच्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले, तो एकेक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस तर सगळ्यांचा ऊस. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात, त्यामुळे ज्या वर्षी पाणी कमी, त्या वर्षी एखादा फड कोरडा ठेवायचा आणि तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा. पाणी फिरवायला पाटकरी, राखणीला जागल्या, त्यांच्यावर हवालदार. पाटकऱ्याला सगळं शिवार पायाखालचं. कुठल्या बांधावर किती वेळ धार ठेवायची हे त्याच्या डोक्यात, कागदावर नाही. काही शतकं हे चाललं, सरकारी खातं नसताना. वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याने त्याने आपलं पाणी आपण उपसायला सुरुवात केली आणि फड मोडत गेले.

आता हे काचेच्या कपाटात कसं ठेवणार? बंधारा उचलून आणता येत नाही. फ्रान्समध्ये १९७१च्या सुमाराला यावर एक विचार पुढे आला, सगळा परिसरच संग्रहालय मानायचा. गाव, शेत, रस्ता, तिथे राहणारी माणसं, सगळं जागच्या जागी, आणि सांगणारी माणसं गावातलीच. पांझरेकाठच्या साक्री तालुक्यात हे होऊ शकतं. एक खोली पुरे, नकाशा, जुने फोटो, चार अवजारं, आणि मग बाहेर पडून बंधाऱ्यावर जायचं. पाट्या मराठीत आणि अहिराणीतही. सांगायला जुना पाटकरी. आज पाणीवाटपाच्या ज्या सोसायट्या कागदावर स्थापन होतात, त्यांच्या लोकांनी आधी तिथे एक दिवस काढावा असं मला फार वाटतं.

‘हे काय संग्रहालयाचं काम आहे का, सर? हे तर कृषी खात्याचं.’ हा प्रश्न मला विचारून झालेला आहे. माझं उत्तर, कृषी खातं पुढच्या हंगामाचं बघतं. दोनशे वर्षं गावाने पाणी कसं वाटलं हे लक्षात ठेवणारी जागा कुठली? ती जागा म्हणजेच संग्रहालय.

दुसऱ्या टोकाचे लोक स्क्रीनवाले. जळगावचं गांधी तीर्थ २०१२चं. कानाला ऑडिओ गाइड लावून तिथे दोन तास कसे जातात कळत नाही. ते उत्तम आहे, कारण आधी गोष्ट पक्की होती, मग यंत्रं आली, आणि ती चालू ठेवायला पैसा आणि माणसं आहेत. इतर ठिकाणी आधी टच स्क्रीनचं टेंडर निघतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ती स्क्रीन बंद पडते आणि तिच्यावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ असा हाताने लिहिलेला कागद चिकटतो. तो कागद मात्र वर्षानुवर्षं टिकतो, जतनाचा उत्तम नमुना.

चाळीसगावला स्टेशनाजवळ केकी मूस यांचा बंगला आहे. छायाचित्रकार, चित्रकार, आयुष्याचा बहुतेक काळ त्या घरातच काढलेला माणूस. गेले १९८९ला. वस्तू त्यांच्या खोल्यांत त्यांच्याच जागी आहेत, म्हणून त्या बोलतात. स्क्रीन नसताना.

आता एक न आवडणारं मत. पितळखोऱ्याचा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चाळीसगावच्या वर सातमाळ्याच्या डोंगरातली ती लेणी. ढेरपोट्या, हसरा, डोक्यावर परडीसारखं पात्र धरलेला, गळ्यात माळा. आणि त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास नावाच्या सोनाराने घडवला. इसवी सनाच्या आधीचा कारागीर, आणि नाव आजही वाचता येतं. वाघनखं लंडनहून साताऱ्याला आली तेव्हापासून मला दर काही दिवसांनी कुणीतरी विचारतं, आपला यक्ष परत मागायचा का? मी म्हणतो, नको. तिथे त्याची नीट देखभाल होते, जगभरची माणसं त्याला बघतात. इथे आणून आपण त्याला अकरा ते पाच कोंडून ठेवणार. त्यापेक्षा एक उत्तम प्रतिकृती चाळीसगावात ठेवा, हात लावू द्या पोरांना, कान्हदासाचं नाव त्यांच्या बोटांनी वाचू द्या. चाळीसगाव तालुक्यातच पाटणे इथे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा मिळालाय, बारीक आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेला, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. खानदेशात शहामृग होते हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावरची झोपलेली पोरंही उठून बसायची.

एवढं लिहिलं ते एका कामासाठी. पांझरा काठच्या, साक्रीकडच्या कुणाच्या घरात जुने पाटकरी, जागल्या किंवा हवालदार हयात असतील, किंवा ज्यांनी लहानपणी वडिलांबरोबर पाट फिरवलाय अशी माणसं असतील, तर कळवा. वस्तू नकोत, कागद नकोत. ती माणसं दोन तास बोलायला हवीत, अहिराणीत बोलली तर उत्तमच. शक्य असेल तर बंधाऱ्यावर जाऊन बोलू, नाहीतर ओसरीवर. रेकॉर्डिंग मी करीन, लिहूनही काढीन, आणि एक प्रत तुमच्या घरी राहील. माझ्या वर्गातली दोन मुलं, आता मोठी झालेली, कॅमेरा घेऊन यायला तयार आहेत.