‘मुलीनं सोसायचं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

‘मरणाऱ्या बापाचा राग चव्हाट्यावर मांडणं शोभत नाही. आमच्या आयाबहिणींनी तोंडातून ब्र न काढता म्हाताऱ्यांची दुखणी काढली. मुलीनं सोसायचं असतं, गाऱ्हाणी मांडायची नसतात,’ असं तुम्ही माझ्या आबांवरच्या, म्हणजे वडिलांच्या शेवटच्या आजारपणावरच्या लेखाखाली लिहिलंत. चार दिवस ते मनात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं एक बरोबर आहे. आबा शेजाऱ्यांदेखत आईला जे बोलले, ते मी शब्दशः लिहायला नको होतं. आई अजून त्याच वाडीत राहते. ते वाक्य मी काढून टाकलं आहे.

पण सोसण्याचं म्हणाल, तर मी सोसलं होतं, आणि तीच माझी चूक झाली.

आबांना देवगडला घरी आणलं ते ऐन मोहोराच्या दिवसांत. प्रोस्टेटचा कॅन्सर कण्यात उतरला होता. आता बरं होण्यासारखं काही नाही, हे डॉक्टरांनी मुंबईतच सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री अवघड होऊ लागल्या. दोन वाजता हाका, उशी फेकणं, पेजेचा वाडगा भिंतीवर. ‘तुका माजा मराण होया, म्हणान इलंस!’ ज्या माणसानं मला जन्मात कधी आवाज चढवून हाक मारली नाही, त्याचे हे शब्द. मी जमीन पुसायचे आणि गप्प बसायचे. भावाला फोनवर ‘बरे आहेत’ सांगायचे, डॉक्टरांनाही तेच. बापाची चहाडी कशी करायची, असं तुमच्यासारखंच मलाही वाटायचं. पाच आठवडे असे गेले.

मग एकदा औषधं आणायला कणकवलीला गेले असताना डॉक्टरांसमोरच रडू फुटलं आणि सगळं बोलून गेले. त्यांनी तीनच गोष्टी विचारल्या. दिवसातली दुसरी गोळी कधी देता? परसाकडे कधी झालं होतं? लघवी नीट होते का?

ती गोळी डेक्सामेथासोनची, म्हणजे स्टेरॉइड. कण्याभोवतीची सूज आटोक्यात राहावी म्हणून चालू होती, आणि मी ती रात्री जेवणानंतर देत होते. स्टेरॉइड झोप उडवतं, काही माणसांना चिडकं आणि संशयी करतं. दुसरी गोळी दुपारीच द्या, असं त्यांनी सांगितलं. (ती कोणी आपल्या मनानं बंद मात्र करू नये; एकदम थांबवणं धोक्याचं असतं.) दुसरं कारण मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध. त्यानं बहुतेकांना बद्धकोष्ठ होतं, म्हणून सोबत रेचक द्यावंच लागतं. आमच्या पिशवीत ते होतं. आबा ‘नको’ म्हणाले आणि मी सोडून दिलं. घरी येऊन विचारलं तेव्हा कळलं, सहा दिवस त्यांना परसाकडे झालं नव्हतं. लेकीला सांगायचं कसं? त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी सोसत होते, त्या पाच आठवड्यांत तेही सोसत होते.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हे हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणारी संस्था, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. मरणाऱ्याची वेदना नुसती शरीराची नसते. मनाची, घरादाराची, श्रद्धेचीही त्यात मिसळलेली असते, असं त्या मांडत. मला ते फार खरं वाटतं, कारण आठवडाभरात आबांच्या रात्री निवळल्या, पण राग सगळा गेला नाही. हातानं लावलेली आंब्याची कलमं आम्ही त्यांना न विचारता कराराने दिली होती. तो राग त्यांचा हक्काचा होता, त्याला गोळी नव्हती. मी खळ्यात त्यांच्या खुर्चीशी बसून तो ऐकला.

तुमच्या आयाबहिणींनी ब्र काढला नाही म्हणता. त्यांना कोणी विचारलं तरी होतं का? शिवाय तेव्हा वाडीतल्या चार बायका पाळीपाळीनं रात्र जागायच्या. आमच्या घरात आई आणि मी, दोघीच.

आणि ‘गाऱ्हाणी’ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून सांगते. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते मोठ्यानं, चार माणसांसमोर, आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यात कोणाची बदनामी नसते. अडचण कानावर गेली नाही, तर देव तरी काय करणार?

म्हणून तुमच्या घरी असं कोणी असेल, तर बोला. एक-दोन दिवसांत माणूस एकाएकी बदलला, असंबद्ध बोलू लागला, माणसं ओळखेना, तर ‘स्वभाव झाला’ म्हणून सोडू नका. लघवी अडली असेल, जंतुसंसर्ग असेल. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

वैशाखातल्या एका पहाटे आबांनी विचारलं, ‘तुका लय त्रास दिलंय मां गो?’ मी ‘व्हय’ म्हटलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग आपणहून म्हणाले, ‘पाठीत दुखता. कालच्यापेक्षा जास्त.’ मी दिवा लावला, डॉक्टरांनी जादा डोसाचं लिहून दिलेलं वाचलं आणि गोळी दिली.