दिवाळीनंतरचे पंधरा दिवस

कबड्डीच्या स्पर्धा तोंडावर आल्यात, म्हणून आजच लिहितोय. गुहागर तालुक्यातल्या आमच्या मंडळाच्या पोरांना मी १२ वर्षं शिकवतोय.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कार्तिकातली रात्र, पावणेदोन वाजलेले, त्या रात्रीचा आमचा तिसरा सामना. दवाने माती ओलसर झालेली. आमचा १९ वर्षांचा चढाईपटू बोनस गुण घेऊन वळला, डावा पाय जागीच रुतला आणि गुडघा आत गेला. काटकी मोडावी तसा आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. "दादा, गुडघा सुटला," एवढंच बोलला. लिगामेंट तुटलं होतं.

लोक म्हणाले नशीब, माती. मी ते मानत नाही. लावणी, गणपती, मग कापणी आणि झोडणी, एवढे महिने आमचा सराव जवळजवळ बंद. दिवाळी झाली की पहाटे पाचला समुद्रावर वाळूत पळवायचं, संध्याकाळी दोन तास पकडी, आणि सोळाव्या दिवशी थेट स्पर्धा. हे वेळापत्रक माझं होतं. त्याचा गुडघा त्या रात्री गेला, पण तयारी मी पंधरा दिवस आधीपासून करत होतो.

त्याच्या ऑपरेशननंतर मी रग्बी लीगबद्दल वाचायला लागलो. १३ जणांचा संघ, ८० मिनिटांचा सामना, आणि आपल्यासारखीच अंगावर झेपावून केलेली पकड. ऑस्ट्रेलियात त्यांचे सामने मार्चमध्ये सुरू होतात, सराव मात्र नोव्हेंबरपासून. खांद्यांच्या मधोमध जीपीएस लावून कोण किती पळाला हे मोजतात. टिम गॅबेट या संशोधकाने २००४ साली दाखवलं की मोसमापूर्वीचा सराव कमी केल्यावर रग्बी लीगच्या खेळाडूंच्या दुखापती घटल्या, आणि दम तरीही वाढला. पुढे २०१६ मध्ये त्यानेच मांडलं की भरपूर सराव हा शत्रू नाही. हळूहळू चढवलेला जड सराव उलट शरीराला राखतो, अचानक घेतलेली उडी घात करते. या आठवड्याचा सराव मागच्या काही आठवड्यांच्या सरासरीच्या किती पट, हे त्याचं गुणोत्तर; त्याच्या नेमक्या आकड्यांवर संशोधकांत वाद आहे. मूळ गोष्ट मला मात्र आमच्या मैदानावरच पटलेली होती.

जीपीएस आपल्याला परवडणार नाही, वही परवडते. सराव संपला की पोराला विचारायचं, शून्य ते दहात किती जड गेलं? त्याला मिनिटांनी गुणायचं. ९० मिनिटं आणि ७ म्हणजे ६३०. आठवड्याची बेरीज मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडायची. सरासरी १००० असताना स्पर्धेच्या आठवड्यात २५०० झाले, तर त्या पोराला आपणच खड्ड्यात ढकलतोय.

झोडणीचा दिवसही मी वहीत धरतो. भाताचे भारे डोक्यावरून वाहून आलेला पोरगा संध्याकाळी ताजा कसा असेल? आणि मुंबईहून कोकण रेल्वेच्या जनरल डब्यात रात्रभर उभा राहून आलेल्याला त्याच संध्याकाळी पहिल्या चढाईला पाठवणं आम्ही बंद केलंय. त्यावरून दोन सामने हरलो. मला चालतं.

यंदा नारळी पौर्णिमेपासून आठवड्यातून तीन दिवस सराव सुरू केला. आधी ४० मिनिटं, पकडी भाद्रपदानंतर, वाळू सगळ्यात शेवटी.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना हात जोडून विनंती आहे, एका रात्रीत एका संघाला तिसरा सामना देऊ नका. दोन रात्री करा, लाइटचा खर्च वाढेल, वर्गणीत आम्हीही भर घालू. आणि कुठल्या प्रशिक्षकाला वही कशी ठेवायची ते बघायचं असेल, तर संध्याकाळी सहाला आमच्या मैदानावर या.