पाच मिनिटांत येतो की मरतो?

डॅनिश भाषेत उपसर्गांचा जो उपसर्ग होतो, त्यावर उतारा नाही. 'हार'ला प्र, आ, सं लावून मारण्यापासून जेवणापर्यंत सगळं उरकणाऱ्या आपल्याला खरं तर हे जड जाऊ नये. पण आपले उपसर्ग एकदा चिकटले की चिकटले. डॅनिशचे धड नांदत नाहीत, धड काडीमोडही घेत नाहीत.

'से' म्हणजे पाहणे, 'एन' म्हणजे आत. 'से एन' म्हणालात तर तुम्ही कुणाच्या खिडकीतून डोकावताय. जोडून 'एनसे' म्हणालात तर तुम्हाला काहीतरी उमगलंय. 'सेटे वान ऑवर' म्हणजे पाण्याचं आधण ठेवणे, 'ऑवरसेटे' म्हणजे भाषांतर करणे. ढोबळमानाने, सुटं असेल तर हातापायांचं काम, जोडलेलं असेल तर डोक्याचं. बोलताना सुट्या जोडीत क्रियापद हलक्या आवाजात उरकायचं आणि जोर त्या चिमुकल्या 'एन'वर द्यायचा.

'याय कॉमर ऑम फेम मिनूटर', म्हणजे पाच मिनिटांत येतो. हा 'ऑम' क्रियापदाचा नव्हेच, पाच मिनिटांचा आहे. उत्साहाने तो क्रियापदाला चिकटवू नका: 'ऑमकॉमे' म्हणजे अपघातात वगैरे प्राण जाणे.

मध्ययुगात हान्सा या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांच्या काळात आलेले 'बे' आणि 'फोर' मात्र सोशिक. कधी सुटत नाहीत, उच्चारात जोरही मागत नाहीत. 'ताले' म्हणजे बोलणे, 'बेताले' म्हणजे पैसे मोजणे. बेताल बोलण्याशी संबंध नाही.

खरी परीक्षा वाक्यात. 'इ आफ्तन वास्कर याय एके ऑप': आज रात्री मी भांडी घासणार नाही. क्रियापद दुसऱ्या जागी, मग कर्ता, मग नकार आणि 'ऑप' पार शेवटी. तो गिळलात तर भांडी वाचली, नकार कपडे धुण्याला लागला! नाम करताना तोच 'ऑप' पुढे येऊन चिकटतो: 'ऑपवास्क', म्हणजे सिंकमधला ढीग. कर्म असेल तर तेही मध्ये कोंबायचं: 'स्मीद पोसन उद', पिशवी फेकून दे. 'उद' आधी आणून पिशवी नंतर ठेवणं शेजारच्या स्वीडिशला चालतं, इथे नाही.

आणि 'गीवे ऑप' म्हणजे नाद सोडणे. 'ऑपगीवे' म्हणजेही नाद सोडणे. चला, एक तरी सरळ! पण अर्जावर नाव-पत्ता 'ऑपगीवे' करायला सांगितलं, तर तो सोडायचा नसतो, लिहायचा असतो.