‘क्लाउडवर या, खर्च निम्मा होईल’: हा हिशेब चुकीचा आहे

लहान उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. स्वतःचे सर्व्हर, म्हणजे कंपनीचे सॉफ्टवेअर चालवणारे संगणक, काढून सगळे सॉफ्टवेअर क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या दुसऱ्या कंपनीच्या यंत्रांवर, नेले की खर्च निम्म्यावर येतो, कारण भांडवल गुंतत नाही, वापरू तेवढेच पैसे पडतात आणि यंत्रे सांभाळायला माणूस लागत नाही, असे त्यात म्हटले आहे. मी बरीच वर्षे हेच काम करतो आणि अशा मजकुरावर विसंबून घेतलेले निर्णय किती महागात पडतात ते पाहिले आहे, म्हणून हे उत्तर.

भांडवल एकदम घालावे लागत नाही, हे खरे. पण त्याच्या जागी कधीही न संपणारे भाडे येते. शिवाय संगणकांवर आयकरात घटत्या मूल्यावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीचे ४० टक्के खर्च म्हणून दाखवता येतात; त्यामुळे पूर्ण तीन वर्षांत किमतीचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग खर्ची पडतो आणि सर्व्हर मात्र पुढेही चालत राहतो.

‘वापरू तेवढेच पैसे’ हा दावा सर्वांत फसवा आहे. बिल वापराचे येत नाही, यंत्र चालू ठेवल्याचे येते. महिन्याचे तास सुमारे ७३०. दिवसाला दहा तास आणि महिन्याला पंचवीस दिवस चालणाऱ्या कचेरीला त्यांतले २५० पुरतात, पण रात्री यंत्र बंद करण्याची व्यवस्था कोणी लावलेली नसते. बंद केले तरी त्याची माहिती साठवणाऱ्या डिस्कचे भाडे चालूच राहते. एका कंपनीचे बिल ओळीओळीने तपासताना मला अशी एक डिस्क सापडली, जिचे यंत्र चौदा महिन्यांपूर्वीच काढून टाकले होते. पैसे मात्र दरमहा जात होते आणि ती कशाची, हे तिथे कोणालाच सांगता येईना. त्यात माहिती आत नेणे बहुधा फुकट असते, बाहेर काढताना मात्र गीगाबाइटमागे आकार पडतो.

माणूस लागतोच. त्याचे काम फक्त बदलते: परवानग्या, बॅकअप आणि हे बिल.

थर्टीसेव्हनसिग्नल्स या अमेरिकी कंपनीचे क्लाउडचे बिल २०२२ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलर होते. सुमारे ७ लाख डॉलरचे सर्व्हर विकत घेऊन तिने ते वर्षाला १३ लाखांवर आणले. ती मोठी कंपनी आहे, आपल्याला तिचे उदाहरण कसे लागू पडेल, असे कोणी म्हणेल; पण इथे आकारापेक्षा कामाची चाल महत्त्वाची आहे, आणि तिचे काम बव्हंशी एकसारख्या भाराचे होते.

दहावीच्या निकालाच्या दुपारी सुमारे १५ लाख विद्यार्थी एकदम गुण पाहायला येतात आणि आठवड्याभरात ती गर्दी ओसरते. एवढ्या चार दिवसांसाठी यंत्रे विकत घेणे शहाणपणाचे नाही, तिथे क्लाउड खरोखर स्वस्त पडतो. पगारपत्रके आणि गोदामाची नोंदवही वर्षभर एकाच चालीने चालतात. त्यांच्यासाठी निम्म्या खर्चाचे आश्वासन देणाऱ्याकडे आधी बारा महिन्यांचा अंदाज ओळीओळीने लिहून मागावा.